शीत, भात आणि ग्वाही : गोठविलेल्या ऊतींच्या संदर्भद्रव्यांची परिभाषा

१

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की तिच्या पोटात दडलेले गृहीतक सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एका शितावरून सगळ्या भांड्याविषयी निर्णय द्यावयाचा, तर भांड्यातील प्रत्येक शीत सारखेच शिजलेले असले पाहिजे. तळचा भात करपला असेल आणि वरचा कच्चा राहिला असेल, तर म्हण खोटी पडते; आणि तो दोष शिताचा नसून गृहीतकाचा असतो. रोजच्या व्यवहारात हे गृहीतक तपासण्याची गरज भासत नाही. रसायनशास्त्राच्या एका शाखेत मात्र ही म्हण शब्दशः खरी ठरावी यासाठी गेली काही दशके अत्यंत चिकाटीने काम चालू आहे. प्राण्यांच्या ऊतींत अत्यल्प प्रमाणात साचलेली सेंद्रिय प्रदूषके मोजणाऱ्या प्रयोगशाळांना आपले मापन पडताळून पाहता यावे म्हणून गोठविलेल्या ऊतींची जी संदर्भद्रव्ये तयार केली जातात, त्यांच्या निर्मितीचे हे काम होय.

या द्रव्यांची घडण, त्यांच्यासोबत येणारे प्रमाणपत्र आणि या दोहोंविषयी मराठीत लिहिताना योजावयाच्या संज्ञा, अशा तीन अंगांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. रसायनशास्त्राच्या या व्यवहाराकडे भाषाशास्त्राने पाहण्याचे कारण उघड आहे. संदर्भद्रव्याची बाटली स्वतः काहीच सांगत नाही. तिच्या वतीने प्रमाणपत्र बोलते. त्या प्रमाणपत्रात ग्वाहीच्या पायऱ्या काटेकोरपणे वेगळ्या राखलेल्या असतात. मराठी परिभाषेत मात्र त्या सगळ्या पायऱ्या ‘प्रमाण’ या एकाच शब्दात बुडून जाण्याचा धोका आहे.

२

अशा द्रव्यांची गरज का पडली हे प्रथम पाहिले पाहिजे. पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पी. सी. बी., या संयुगांचे औद्योगिक उत्पादन १९२९ मध्ये सुरू झाले. ती निसर्गात पसरून प्राण्यांच्या शरीरात साचली आहेत हे मात्र १९६६ मध्ये उघड झाले. डी. डी. टी.चे अवशेष शोधीत असताना स्वीडनमधील सोरेन येन्सेन यांना वायुवर्णलेखाच्या आलेखावर काही अनोळखी शिखरे दिसली आणि ती पी. सी. बी.ची असल्याचे त्यांनी ओळखले. या शोधाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पी. सी. बी.ची काही शिखरे डी. डी. टी.च्या कुटुंबातील संयुगांच्या शिखरांवर येऊन बसतात. त्यामुळे तोवरच्या अनेक मापनांत एकाची बेरीज दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेली असण्याचा संभव होता. आकडा काळजीपूर्वक काढलेला असूनही त्याचे नाव चुकलेले असू शकते, हा त्यातील धडा होय.

पुढे एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये सागरी प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी जगभरच्या किनाऱ्यांवरील शिंपल्यांचा उपयोग करावा अशी सूचना मांडली. शिंपला एका जागी चिकटून राहतो, दिवसभर पाणी गाळतो आणि पाण्यातील द्रव्ये अंगात साठवितो. म्हणून तो त्या जागेचा साक्षीदार ठरतो. अमेरिकेत १९८६ पासून या कल्पनेवर आधारलेला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी काढलेले आकडे शेजारी ठेवावयाचे तर त्यांतील फरक शिंपल्यांमुळे पडला की प्रयोगशाळांमुळे, हे सांगता आले पाहिजे. दोन प्रयोगशाळांचे उत्तर जुळले एवढ्याने ते खरे ठरत नाही. दोघींच्या तराजूला एकच पासंग असू शकतो. तो पासंग उघडा पाडावयाचा, तर जिच्यातील प्रदूषकांचे मूल्य आधीच कसोशीने ठरविलेले आहे अशी वस्तू दोघींच्याही हाती द्यावी लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेला अशा वस्तू पुरविण्याची जुनी परंपरा आहे. तिचे आरंभीचे नमुने १९०६ च्या सुमारासचे, ओतीव लोखंडाचे होते. लोखंडाचा चुरा बाटलीत वर्षानुवर्षे तसाच राहतो. प्राण्याची ऊती तशी राहत नाही. ती नासते, तिच्यातील विकरे काम करीत राहतात, पाणी सुटते, चरबी वेगळी होते. नाशिवंत वस्तूला लोखंडाचा टिकाऊपणा कसा द्यावा, हा येथील मुख्य प्रश्न होता.

३

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रचारात आहेत. पहिले म्हणजे शीतशुष्कन : ऊती गोठवून, निर्वातात तिच्यातील पाणी काढून घेऊन तिची कोरडी पूड करणे. ही पूड साठविण्यास, धाडण्यास आणि तोलण्यास सोयीची असते. दुसरे उत्तर अधिक खर्चाचे आहे. त्यात ऊती पाण्यासकट गोठवून तशीच ठेवतात. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या थंडाव्यात मऊ, चिवट मांस काचेसारखे ठिसूळ होते आणि दळता येते. रॉल्फ झाइसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हे दळण टेफ्लॉनच्या चकत्या असलेल्या पात्रात केले जाई. धातूच्या पात्राने नमुन्यात धातूचे कण मिसळू नयेत, हा त्यामागील हेतू. दळलेली बर्फाळ पूड थंड अवस्थेतच एकत्र मिसळून, आधी गार केलेल्या बाटल्यांत भरावयाची, आणि त्या बाटल्या उणे ८० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही थंड जागी ठेवावयाच्या, असा हा क्रम आहे. मध्येच कोठे पूड वितळली तर कण परस्परांना चिकटतात, पाणी आणि चरबी वेगळी होते, आणि बाटलीतील एक चिमूट दुसऱ्या चिमटीसारखी राहत नाही. म्हणून नमुना वितळण्यापूर्वीच, थंड केलेल्या साधनाने काढावा लागतो. शिताला भातासारखे ठेवण्याची ही खटपट आहे.

या पद्धतीने सिद्ध झालेल्या द्रव्यांपैकी दोन येथे उदाहरणादाखल घेता येतील. १९७४ क्रमांकाचे द्रव्य निळ्या शिंपल्यांच्या ऊतीचे आहे. कोकण-गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच कुळातील हा प्राणी होय. हा क्रमांक म्हणजे वर्ष नव्हे, हे सांगितलेले बरे. साठा संपला की नवे शिंपले आणून नवे द्रव्य केले जाते आणि क्रमांकापुढे एकेक अक्षर वाढत जाते. दुसरे, १९४५ क्रमांकाचे द्रव्य, १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे किनाऱ्यावर येऊन अडकलेल्या पायलट जातीच्या देवमाशाच्या चरबीपासून केलेले आहे. त्या चरबीत स्निग्धांश जवळजवळ तीन चतुर्थांश भरतो. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी क्लोरीनयुक्त संयुगे तेथेच साचतात, म्हणून ही निवड.

दोन उत्तरांपैकी श्रेयस्कर कोणते, याचा निर्णय केवळ टिकाऊपणावर करता येत नाही. शीतशुष्कनात नॅफ्थॅलीनसारखी हलकी संयुगे काही अंशी उडून जाण्याची भीती असते. परंतु त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा साम्याचा आहे. प्रयोगशाळेत रोज येणारा नमुना ओला असतो. त्यातील पाणी बाजूला सारून प्रदूषक विद्रावकात ओढून घेणे, हीच मापनातील अवघड पायरी. कोरड्या पुडीवर उत्तीर्ण झालेली पद्धत ही पायरी न चढताच उत्तीर्ण झालेली असते. परीक्षेत विचारलेला प्रश्न जर प्रत्यक्षातील प्रश्नाहून सोपा असेल, तर त्या परीक्षेतील गुणांवर किती विसंबावे हे उघड आहे. गोठविलेली ऊती परीक्षेला प्रत्यक्षाच्या जवळ आणते, आणि तिच्या खर्चाचे समर्थन येथेच आहे. तथापि तिची मर्यादाही येथेच आहे. बाटली बनविणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत थंडाव्याची साखळी अखंड राहिली पाहिजे. ज्या प्रयोगशाळेपाशी इतके थंड कपाट नाही, तिच्या दृष्टीने हे उत्तम द्रव्य नसल्यातच जमा. दोन्ही प्रकार चालू राहिले आहेत ते यामुळेच.

टेफ्लॉनचा प्रसंगही विचार करावयास लावणारा आहे. ते निवडले गेले ते स्वच्छ म्हणून. पण पुढे प्रश्नच बदलला आणि फ्लुओरीनयुक्त संयुगे शोधली जाऊ लागली. मिशिगन व सुपीरियर या सरोवरांतील ट्राउट माशांच्या गोठविलेल्या ऊतींत ती मोजून त्यांची मूल्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा शोधात टेफ्लॉन हे स्वतःच फ्लुओरीनयुक्त असल्यामुळे संशयित ठरते. तात्पर्य, ‘स्वच्छ’ हे विशेषण निरपेक्ष नाही. कोणत्या प्रश्नापुरते स्वच्छ, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते. हीच गोष्ट ‘प्रमाणित’ या विशेषणाविषयी खरी आहे.

४

आता प्रमाणपत्राकडे वळावे. संहिता म्हणून पाहिले असता त्यात दोन गुण ठळकपणे दिसतात. पहिला गुण विधानांच्या श्रेणीचा. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या रीतीप्रमाणे त्यातील आकडे तीन गटांत मांडले जात. ज्यांतील चुकीच्या सर्व ज्ञात व संभाव्य वाटा तपासल्या आहेत, बहुधा एकाहून अधिक स्वतंत्र पद्धतींनी ज्यांना दुजोरा मिळाला आहे, ते प्रमाणित आकडे पहिल्या गटात. जे उपलब्ध मापनांतून मिळालेले सर्वोत्तम अंदाज आहेत, पण ज्यांच्या तपासणीत काही वाटा उरल्या आहेत, ते दुसऱ्या गटात. आणि ज्यांच्या अनिश्चिततेविषयी काहीच ठाम सांगता येत नाही, असे केवळ माहितीपर आकडे तिसऱ्या गटात. एकाच बाटलीतील, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मोजलेली दोन संयुगे दोन निरनिराळ्या गटांत पडू शकतात. येथे प्रमाणित होते ते मूल्य. बाटली सर्वस्वी प्रमाणित अशी कधीच नसते.

दुसरा गुण आधार सांगण्याचा. आकडा ओल्या वस्तुमानावर आहे की कोरड्या, हे प्रमाणपत्र स्पष्ट करते. हा तपशील किरकोळ नाही. शिंपल्याच्या मांसात पाण्याचा भाग फार मोठा असतो. कल्पनेसाठी असे धरू की एका नमुन्यात कोरडा अंश फक्त १० टक्के आहे. त्यात ओल्या वस्तुमानाच्या प्रत्येक ग्रॅममागे एखादे संयुग १० नॅनोग्रॅम असेल, तर कोरड्या वस्तुमानाच्या हिशेबाने तेच १०० नॅनोग्रॅम होते. शिंपला तोच, संयुग तेच. पण आधार न सांगता आकडा उद्धृत केला तर प्रदूषण दहापट वाढते किंवा दहापट घटते. वृत्तपत्रांतून ‘अब्जात इतके भाग’ असे आकडे जेव्हा आधारावाचून येतात, तेव्हा वाचकाच्या हाती भीती किंवा निश्चिंती पडते, ज्ञान पडत नाही.

याखेरीज हे प्रमाणपत्र सुधारून घेता येते. देवमाशाच्या चरबीचे द्रव्य सिद्ध होताना लक्ष पी. सी. बी. आणि क्लोरीनयुक्त कीटकनाशके यांवर होते. आग रोखण्यासाठी वापरली जाणारी ब्रोमीनयुक्त संयुगे त्या चरबीत तेव्हाही होतीच. त्यांची मूल्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे वस्तू १९९१ ची, विधान त्यानंतर सोळा वर्षांनी केलेले. गोठविण्याने केवळ मांस टिकले असे नाही. जो प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता त्याचे उत्तरही टिकले. प्रमाणपत्राच्या मौनाचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘अद्याप पाहिले नाही’ असा होतो, हे यावरून कळते.

दोषही नोंदविले पाहिजेत. ‘संदर्भद्रव्य’ हे नाव संपूर्ण वस्तूला आणि ‘संदर्भमूल्य’ हे नाव दुसऱ्या, दुय्यम गटाला, अशी योजना बराच काळ चालू होती. द्रव्याच्या नावातील ‘संदर्भ’ प्रतिष्ठा देणारा, तर मूल्याच्या नावातील ‘संदर्भ’ ती कमी करणारा. एकाच शब्दाचे हे दोन विरुद्ध उपयोग नवख्या वाचकाला चकविणारे होते. अलीकडे या संस्थेने ‘संदर्भमूल्य’ मागे सारून सरळ ‘अप्रमाणित मूल्य’ असे म्हणण्यास आरंभ केला आहे, हे योग्यच झाले. पण त्या नावात नकार आहे, आणि जे आहे ते काय आहे हे तो नकार सांगत नाही.

५

मराठीत या विषयावर लिहू जाता अडचण पहिल्याच वाक्यात उभी राहते. ‘प्रमाणद्रव्यातील प्रदूषकाचे प्रमाणित प्रमाण’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि अर्थदृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी. त्यातील पहिले ‘प्रमाण’ म्हणजे मानक, दुसरे म्हणजे ग्वाही, तिसरे म्हणजे मात्रा. न्यायशास्त्रात प्रमा, प्रमाण आणि प्रमेय यांची काळजीपूर्वक फोड केलेली आहे. तेथे प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. रोजच्या मराठीने तो शब्द मात्रेला, मापाला, पुराव्याला आणि आदर्शालाही देऊन टाकला.

यांतील आदर्शाचा अर्थ सर्वांत घातक आहे. ‘प्रमाण भाषा’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात शुद्धतेची व अनुकरणीयतेची कल्पना उभी राहते. भाषाशास्त्राने कितीही समजावले तरी ती जात नाही. तोच वाचक ‘प्रमाणित शिंपले’ हे शब्द वाचील तेव्हा ते शिंपले खाण्यास निर्धोक असल्याचे कोणी तरी लिहून दिले आहे, असेच समजेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ते शिंपले प्रदूषित आहेत, आणि प्रदूषित आहेत म्हणूनच निवडले आहेत. ग्वाही आहे ती त्यांच्या प्रदूषणाच्या मापाची. सोन्याच्या बाबतीत हा घोटाळा झाकून राहतो, कारण तेथे शुद्धता हेच मोजावयाचे असते. कसोटीच्या दगडावर लावलेला कस आणि काढलेला टंच हे शुद्धतेचेच माप. ऊतीच्या बाबतीत मात्र माप आणि शुद्धता यांची फारकत होते.

‘नमुना’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. तपासणीसाठी काढलेला अंश तो नमुना आणि ज्याप्रमाणे करावयाचे तोही नमुना. धान्याच्या पेठेतील ‘वानगी’ हा शब्द पहिल्या अर्थापुरताच असल्यामुळे अधिक नेमका आहे. पोत्यातून काढलेली वानगी पोत्याविषयी सांगते. ती पोत्याला आदर्श होत नाही. तपासणीच्या अंशासाठी हा शब्द शास्त्रीय लेखनात येण्यास हरकत नसावी.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने आपल्या अशा द्रव्यांना ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ असे नाव दिले आहे. ‘प्रमाण’ टाळल्यामुळे शुद्धतेची छाया येत नाही, हा या नावाचा गुण. परंतु प्रस्तुत विषयात एक निराळीच गाठ पडते. शिंपला हा पाण्याची स्थिती दाखविणारा जीव आहे. त्या अर्थीही ‘निर्देशक’ हेच विशेषण सहज सुचते. मग किनाऱ्यावरचा शिंपला निर्देशक आणि बाटलीतला शिंपलाही निर्देशक. वास्तविक पहिला तपासला जातो, दुसरा तपासणाऱ्याला तपासतो. साक्षीदार आणि साक्षीदाराची उलटतपासणी करणारा या दोघांना एक नाव देणे कोणत्याही न्यायालयाला परवडणारे नाही. यास्तव किनाऱ्यावरच्या प्राण्याला ‘दर्शक जीव’ आणि बाटलीतल्या ऊतीला ‘संदर्भद्रव्य’ म्हणणे मराठीत अधिक सोयीचे होईल. अखिल भारतीय परिभाषेपासून मराठीने दूर जाऊ नये, असा आक्षेप येथे संभवतो. तो अगदीच निराधार नाही. व्यापाराच्या कागदावर अधिकृत नाव असलेच पाहिजे. परंतु विवेचनाच्या भाषेवर ते बंधन घालण्याचे कारण नाही.

मूल्यांच्या श्रेणीसाठी ‘साक्षांकित’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. कचेरीच्या व्यवहारामुळे तो घरोघर माहीत आहे. साक्षांकित प्रत म्हणजे चांगली प्रत नव्हे. कोणी जबाबदार व्यक्तीने मुळाशी ताडून पाहून सही केलेली प्रत. गुणपत्रिकेवर गुण कमी असले तरी ती साक्षांकित होते. गुण आणि ग्वाही यांची ही फारकत येथे नेमकी हवी आहे. पहिल्या गटाला ‘साक्षांकित मूल्य’, दुसऱ्याला ‘असाक्षांकित मूल्य’ आणि तिसऱ्याला ‘माहितीपर मूल्य’ म्हटल्यास ‘प्रमाण’ हा शब्द केवळ मात्रेसाठी मोकळा राहील.

नामांवरच थांबण्याचे मात्र कारण नाही. श्रेणी दाखविण्याचे काम मराठीत क्रियापदेही करतात. ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘असल्याची नोंद आहे’ या तीन रूपांत ठामपणाच्या तीन पायऱ्या स्वच्छ दिसतात. विध्यर्थाचा तर्कदर्शक उपयोग कोणीही मराठी भाषक चुकत नाही. ‘पाऊस पडला आहे’ आणि ‘पाऊस पडला असावा’ यांतला भेद लहान मूलही जाणते. वरच्या श्रेणीचे मूल्य ‘इतक्या मर्यादेत आहे’, मधल्या श्रेणीचे ‘इतके असावे’, आणि खालच्या श्रेणीचे ‘इतके असल्याची नोंद आहे’, असे लिहिले तर दुसऱ्या श्रेणीच्या नावातील नकाराची उणीवही भरून निघते. मराठी शास्त्रीय गद्यात सर्वच आकडे ‘आहे’ या एका क्रियापदावर उभे केलेले आढळतात, तो भाषेच्या दारिद्र्याचा परिणाम नव्हे. उपलब्ध संपत्ती न वापरल्याचा आहे.

६

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष परिभाषेपुरता मर्यादित नाही. गोठविलेल्या ऊतीचे संदर्भद्रव्य ही एक दीर्घ साक्ष आहे. प्राणी मेलेला, ऊती दळलेली, बाटल्या देशोदेशी पांगलेल्या. तरी प्रत्येक बाटली तीच गोष्ट सांगते, कारण ती फुटू नये, वितळू नये, बदलू नये यासाठी अनेक हातांनी काळजी घेतलेली असते. या साखळीतील शेवटचा दुवा मात्र थंड कपाटात नसतो. तो वाक्यात असतो. उणे ८० अंशांवर राखलेली सूक्ष्मता प्रयोगशाळेच्या अहवालात, तेथून शासकीय निवेदनात आणि तेथून मासळी विकणाऱ्या व विकत घेणाऱ्या माणसापर्यंत जाते, ती शब्दांच्याच वाहनातून. वाटेत ‘असावे’चे ‘आहे’ झाले, ओल्या वस्तुमानाचा उल्लेख गळला किंवा ‘ग्वाही दिलेले’ याचा अर्थ ‘निर्दोष’ असा झाला, तर कोणाचे तरी अन्न विनाकारण वर्ज्य ठरते, किंवा विनाकारण निर्धोक.

द्रव्य बनविणारे शास्त्रज्ञ ऊती दळून शिताला भाताचा खरा प्रतिनिधी करतात. त्यांच्या आकड्यांविषयी मराठीत लिहिणाऱ्याने निदान एवढे करावयास हवे की, कोणते शीत, कोणत्या भाताचे आणि कोणी चाखून पाहिलेले, हे वाचकाला दर वेळी सांगावे.